भंडारदऱ्याचा वळसा शनिवार-रविवारी मोटारींविना

भंडारदरा जलाशयाला वळसा घालणारा रस्ता शनिवारी आणि रविवारी पर्यटकांच्या खासगी मोटारींना आणि मोटारसायकलींना बंद करावा. त्या दोन दिवशी तो सायकली, पायी फिरणारे, एसटी आणि गावातल्या लोकांच्या प्रवासी जीपगाड्या यांनाच खुला असावा. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल या गावांत राहणाऱ्यांच्या गाड्या कुणी अडवू नयेत. आजारी माणूस, बाळंतीण, शेताचं खत, लग्नाचं वऱ्हाड यांना कुणी परवाना विचारू नये. बंदी असावी ती मुंबई-पुणे-नाशिकहून नुसतं फिरायला येणाऱ्या गाड्यांना. सायकलची हौस मला आहेच, पण प्रश्न त्या हौसेहून मोठा आहे. अरुंद डोंगरी रस्त्यावर पहिला हक्क कुणाचा, आणि तिथून दिसणाऱ्या डोंगर-पाण्याची कमाई कुणाच्या घरात जावी, असा तो प्रश्न आहे.

पावसाळ्यात जोडून सुट्ट्या आल्या की तिथे काय होतं, ते पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. घोटीहून बारीमार्गे येणारी गर्दी आणि अकोले गावाहून राजूरमार्गे येणारी गर्दी धरणाजवळच्या शेंडी गावात एकमेकींना मिळते. पुढचा रस्ता असा की दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला साइडपट्टीच्या चिखलात उतरावं लागतं. एखादी रुतली की मागे रांग लागते. धबधबा दिसला की गाडी आहे तिथेच उभी राहते, दारं उघडली जातात, गाणी मोठ्याने लागतात. राजूरला दवाखान्यात निघालेली जीप याच रांगेत अडकते. पर्यटकाचे दोन तास वाया गेले तर तो वैतागून घरी जातो. इथे राहणाऱ्याला पुढच्या रविवारीही तेच असतं. आणि हेच दिवस आवणीचे असतात. माणसं गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावत असतात आणि खाचराच्या बांधाला लागून गाड्यांचे हॉर्न चालू असतात.

हा रस्ता सायकलवरून पाहिलेला माणूस ही स्थिती मुकाट सोसू शकत नाही, म्हणून आधी रस्त्याविषयी.

शेंडीहून निघताना जलाशय डाव्या हाताला ठेवावा. आपल्याकडे वाहन डावीकडून चालवायचं असल्यामुळे सायकलवाला वळसाभर पाण्याच्या अंगाने राहतो. सगळा फेरा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासचा. सरावलेला माणूस अर्ध्या दिवसात उरकेल. थांबत, खात, गप्पा मारत गेलात तर सबंध दिवस पुरेल. मुरशेत, पांजऱ्यापर्यंत चढउतार बेताचे आहेत. उजवीकडे कळसूबाईची रांग चालत असते; १६४६ मीटरचं हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर ढगातून कधी बाहेर येतं, कधी नाही. उडदावण्याच्या पुढे पायांना खरं काम लागतं. अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही किल्ले याच अंगाला आहेत आणि चढावर दम खायला थांबलं की त्यांचे कातळ नीट न्याहाळता येतात. घाटघरला पाऊस इतका पडतो की त्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. तिथल्या कोकणकड्यावर घाटमाथा एकदम तुटतो आणि खाली शहापूर तालुका पसरलेला दिसतो. शेजारीच घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, २००८ पासून चालू असलेला, २५० मेगावॉटचा. विजेची मागणी कमी असते तेव्हा कड्याखालच्या चोंढ्याच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, असं त्याचं काम चालतं.

घाटघरहून साम्रद. तिथे सांदण दरी आहे, आणि रतनगडाचा खुट्टा नावाचा सुळका सरळ अंगावर आल्यासारखा दिसतो. मग रस्ता रतनवाडीकडे वळतो. अमृतेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ आणि त्याची पुष्करणी पाहून घाटावर पाय सोडून बसावं असं ते ठिकाण आहे. प्रवरा याच रतनगडावर उगम पावते आणि पुढे नेवाशाच्या बाजूला प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. रतनवाडीहून कोलटेंभे, मुतखेल करत परत धरणाच्या भिंतीशी. सप्टेंबरात या शेवटच्या टप्प्यात सोनकी आणि तेरड्याने उतार भरून जातात. खाचरात भात पोटरीला आलेलं असतं आणि त्याचा वास रस्त्यावर येतो. गाडीच्या बंद काचेआड तो येत नाही.

मोटारीच्या पर्यटनाने या सलग वळशाचे तुकडे केले आहेत. अम्ब्रेला फॉल, रंधा धबधबा, सांदण, कोकणकडा असे ‘पॉइंट’ ठरले. गाडी एकीकडून दुसरीकडे धावते आणि प्रत्येक ठिकाणी तीच सगळी माणसं तासाभरात एकदम उतरतात. एका वेळी हजार माणसं चार जागी उभी राहिली तर चारही जागा तुडवल्या जातात. तीच हजार माणसं सायकलवर आणि पायी चाळीस किलोमीटरवर विखुरली तर डोंगराला त्यांचा भार जाणवणारही नाही. गर्दी कमी करा असं मी म्हणत नाही. ती पसरू द्या, एवढंच म्हणतो, आणि मोटार असेपर्यंत ती पसरत नाही. मोटारीला उभं राहायला जागा लागते, आणि जागा असते तिथेच सगळे थांबतात.

काजव्यांच्या दिवसांत हे सगळं आणखी बिघडतं. मे संपताना, वळवाच्या सरी पडू लागल्या की, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे लाखांनी जमतात आणि मोसमी पाऊस जोर धरेपर्यंत असतात. त्यांचं चमकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक. नर लुकलुकत उडतात. माद्या बहुधा खाली गवतात किंवा पानांवर बसून त्याला उत्तर देतात. अंधार असला तरच ही हाक पोचते. हेडलाइटचा एक झोत झाडावर पडला की त्या भागातला संवाद तुटतो, आणि झाडाखाली गर्दी झाली की गवतातल्या माद्या पायाखाली जातात. हा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. वन विभागाने या दिवसांसाठी प्रवेशशुल्क आणि वेळेचे नियम घातले आहेत, ते चांगलंच आहे. पण शुल्क भरलेली गाडी झाडापर्यंत जाणारच असेल तर नियमाचा जीव तिथेच संपतो. काजव्यांच्या रात्री रस्त्यावर सायकलही नको, हे मी सायकलवाला असून म्हणतो. संध्याकाळनंतर बाहेरच्या माणसाने गावातल्या वाटाड्याबरोबर, गावच्या जीपने, ठरलेल्या जागी उतरून पायीच जावं. हातातली बॅटरीही लाल कागद लावून, जमिनीकडे धरून.

आता हक्काचा प्रश्न. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. सुमारे ८२ मीटर उंचीची दगडी भिंत आणि सुमारे ११ टीएमसी पाणी. हे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांत गेलं आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या काळ्या मातीत ऊस उभा राहिला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना निघाला, महाराष्ट्राच्या सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास तिथून सुरू होतो. त्या कर्तबगारीबद्दल मला आदर आहे. पण ज्या खोऱ्यात हे पाणी साठतं, तिथे काय उरलं? काठावरची वस्ती महादेव कोळी आणि ठाकरांची. पावसाच्या भरवशावरचं एक भाताचं पीक, थोडी नाचणी-वरई, आणि दिवाळी सरली की नारायणगाव, संगमनेरच्या मळ्यांवर मजुरीला उतरणं. उन्हाळ्यात कालव्यांना पाण्याची आवर्तनं सुटतात, पाण्याचा काठ दूर सरकतो आणि हंडे डोक्यावर येतात. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांचं बंड सावकारांविरुद्धही होतं. इथली मिळकत बाहेरचा घेऊन जातो, ही तक्रार या डोंगरात इतकी जुनी आहे.

पाणी खाली गेलं. वर राहिला तो देखावा. निदान त्याची कमाई तरी वरच्या माणसांकडे राहायला हवी, आणि इथेच सायकल कामाला येते. मोटारीने येणारा माणूस डबा, पाण्याच्या बाटल्या, कधी कधी सगळा स्वयंपाकही शहरातून भरून आणतो, चार पॉइंट पाहतो आणि संध्याकाळी घोटीमार्गे परततो. गावाच्या वाट्याला धूळ आणि प्लॅस्टिक. सायकलवाल्याला असं चालत नाही. त्याला दहा-बारा किलोमीटरवर चहा लागतो, दुपारी भूक लागते, पाऊस आला तर पडवी लागते, पंक्चर झालं तर हात लागतो. एका दिवसात वळसा झाला नाही तर रात्रीचा मुक्काम लागतो. साम्रदला, रतनवाडीला घरगुती जेवण देणारी घरं आहेतच: तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, पावसाळ्यात रानभाज्या. या घरांना गिऱ्हाईक सावकाश जाणारं हवं. सायकली भाड्याने देणं, त्यांची दुरुस्ती, चढावर दमलेल्याला सायकलीसकट उचलून आणणारी जीप, वाटाड्या, मुक्काम. शनिवार-रविवारी ही सगळी कामं गावातल्या पोरापोरींना मिळू शकतात. ती गावातल्याच बचत गटांकडे आणि तरुणांच्या सहकारी संस्थांकडे असावीत, ही अट सुरुवातीलाच घालायला हवी. नाही तर मोटारी बंद होतील आणि दुसऱ्या वर्षी शहरातली एखादी कंपनी शेंडीत पाचशे सायकली आणून उभ्या करेल.

धरणाकाठचा रस्ता मोटारींना बंद करणं जगात नवं नाही. इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगरात डरवेंट नदीवर एकामागे एक तीन जलाशय आहेत. हाउडनची भिंत १९१२ ला, डरवेंटची १९१६ ला पुरी झाली, म्हणजे आपल्या भंडारदऱ्याच्या थोडीच आधी. तिसरं लेडीबावर १९४५ मध्ये. त्या तिसऱ्यात डरवेंट आणि अॅशप्टन ही दोन खेडी बुडाली. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि हे खोरं त्यात आलं. एका अंगाला मँचेस्टर, दुसऱ्या अंगाला शेफिल्ड. आपल्याकडे मुंबई, पुणे आणि नाशिक तसेच. रविवारी गाड्यांनी ती चिंचोळी दरी भरून जायची. तिथे तोडगा निघाला तो असा: फेअरहोम्स नावाच्या ठिकाणी, जिथे धरण बांधताना दगड घडवायचं आवार होतं, तिथे गाडीतळ, माहिती केंद्र आणि सायकली भाड्याने मिळायची सोय केली. तिथून वरच्या दोन जलाशयांच्या काठाने जाणारा रस्ता शनिवार-रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना मोटारींना बंद केला. पलीकडच्या काठाची वाट तर कायमच मोटारींविना आहे. दोन्ही मिळून डरवेंट आणि हाउडनला पुरता वळसा घालता येतो. त्यासाठी नवा रस्ता बांधला नाही, डोंगर कापला नाही. एक फाटक, एक गाडीतळ आणि आठवड्यातले दोन दिवस. पर्यटन तिथे बुडालं नाही. लोक आजही येतात, सायकल घेतात, झाडांखालून जातात.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवणाऱ्या अशोकन जलाशयाची गोष्ट आणखी बोलकी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅट्सकिल डोंगरातली गावं उठवून तो बांधला, सुमारे दोन हजार माणसं विस्थापित झाली. काठची जमीन शहराच्या ताब्यात गेली आणि उत्तरेकडचा काठ सामान्य माणसाला जवळजवळ शंभर वर्षं बंद राहिला. २०१९ मध्ये तिथल्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या पट्ट्यावर साडेअठरा किलोमीटरची वाट खुली झाली, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी, मोटारी नाहीत. पाणी शहराचंच राहिलं, पण काठ लोकांना परत मिळाला.

घरचं उदाहरण माथेरानचं. २००३ मध्ये ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं, पण मोटारबंदीची परंपरा त्याहून जुनी. दस्तुरीला गाडी ठेवायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा छोट्या रेल्वेने जायचं, हे मराठी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या केलं आहे. तेव्हा ‘आपल्या लोकांना गाडीशिवाय चालायची सवय नाही’ हा आक्षेप माथेराननेच खोडून काढलेला आहे. पण माथेरानने एक धोकाही दाखवला. मोटारी नाहीत म्हणून माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा तिथे चालत राहिल्या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक ई-रिक्षांना वाट मोकळी केली आणि २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवायला सांगितलं. शहरी माणसाच्या शांततेसाठी गावातल्या माणसाच्या पाठीवर ओझं द्यायचं नसतं. भंडारदऱ्याच्या वळशावर म्हणूनच सुरुवातीपासून गावकऱ्यांच्या जीपगाड्या हव्यात, आणि जमेल तेव्हा त्या विजेवरच्या व्हाव्यात. ज्याला पॅडल मारता येत नाही त्याने जीपमध्ये बसावं, भाडं द्यावं आणि ते भाडं गावात राहावं.

म्हातारी माणसं, अपंग, कडेवर मूल असलेल्या आया यांचं काय, हा आक्षेप म्हणूनच मला अडचणीचा वाटत नाही. जीपमध्ये त्यांना पहिली जागा द्यायची. जलाशयात बोटी चालतातच; त्या नियमित आणि सुरक्षित केल्या तर आजी-आजोबांना पाण्यावरूनही डोंगर पाहता येतील. आज मोटारीत बसून चार तास कोंडीत काढणाऱ्या आजोबांना काय सुख मिळतं, तेही एकदा विचारावं.

तंबूवाल्यांचा आणि हॉटेलवाल्यांचा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. काठाकाठाने तंबूंची वस्ती उभी राहिली आहे. त्यातले कित्येक गावातलेच तरुण आहेत, कर्ज काढून उभे राहिलेले. गिऱ्हाईक दारापर्यंत गाडी आणू शकलं नाही तर ते येणारच नाही, अशी त्यांना भीती आहे. पहिले काही शनिवार ती खरीही ठरेल. म्हणून ज्यांचं मुक्कामाचं आरक्षण आहे त्यांना शुक्रवारी रात्रीपर्यंत किंवा शनिवारी पहाटे गाडी आत नेऊ द्यावी, पण एकदा आत आली की रविवारी संध्याकाळपर्यंत ती जागची हलू नये. राहणारा पाहुणा गावाला पैसे देतो. कोंडी करतो तो सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा. नियमाने या दोघांत फरक करावा. याच निमित्ताने तंबूंतल्या रात्रीच्या मोठ्या आवाजालाही आळा घालता येईल, कारण ज्या शांततेसाठी रस्ता बंद केला ती रात्री स्पीकरने मोडली तर गावकऱ्यांनी का सहन करावं?

सायकल ही पैसेवाल्यांची चैन आहे, असंही म्हटलं जातं. लाखभराच्या सायकली घेऊन येणारे लोक आहेत हे खरं. पण साधी सायकल या राज्यातल्या शेतमजुराचं, शाळकरी मुलीचं आणि दूधवाल्याचं वाहन राहिली आहे. मोटार तर तिच्याहून कितीतरी महाग. मोटारीला वाट करून देणं म्हणजे सर्वसामान्यांचा विचार आणि सायकलीला देणं म्हणजे श्रीमंतांचे लाड, हा हिशेब मला पटत नाही. घोटीपर्यंत बसने येऊन, तिथून एसटीने शेंडीला पोचून, गावातली सायकल भाड्याने घेऊन फिरणारा कॉलेजचा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पावसाचा धोका मात्र खरा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्यावर शेवाळ धरतं, दरडी येतात, धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. उतारावर ब्रेक लावला की सायकल घसरते. मी या दिवसांत नवख्यांना वळशावर पाठवणार नाही. जोराच्या पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी सायकलींनाही रस्ता बंद असावा. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर ठिकठिकाणी पर्यटकांवर बंदीचे आदेश निघाले. मनात आणलं तर प्रशासन रस्ते आणि धबधबे एका कागदावर बंद करू शकतं, हे त्यातून दिसतंच. पण या आदेशांत सरसकट सगळी माणसं थांबवली जातात, गावातल्या चहावाल्याचा हंगामही थांबतो. माणसं येऊ देऊन फक्त गाड्या थांबवणं हा मधला रस्ता आपल्याकडे फारसा कुणी धरत नाही.

आणखी एक भीती मला स्वतःला वाटते. ‘सायकल पर्यटन’ असे शब्द सरकारी कागदावर आले की लगेच काठाने काँक्रीटचा सायकल ट्रॅक, कमानी, रंगीत फरशी, सेल्फीची चौकट यांचा आराखडा तयार होईल. अभयारण्यात नवं बांधकाम म्हणजे झाडं तोडणं आणि उतार कापणं. तसं काहीही नको. रस्ता आहे. त्याचे खड्डे बुजवा, साइडपट्ट्या भरा, उतारावरच्या वळणांवर कठडे लावा, दर काही किलोमीटरवर पिण्याचं पाणी आणि बायकांना जाता येईल असं स्वच्छ शौचालय द्या. याचा फायदा सोमवार ते शुक्रवार गावकऱ्यांना होईल, तेव्हा तो खर्च पर्यटनावरचा खर्चही नव्हे. गाडीतळ शेंडीच्या अलीकडे, घोटी आणि राजूर अशा दोन्ही बाजूंना हवा, कारण सगळ्या गाड्या शेंडीतच थांबवल्या तर कोंडी एका गावाच्या गळ्यात पडेल. गाडीतळाचं भाडंही ग्रामपंचायतीला मिळावं.

कायदा आडवा येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचं स्वरूप पाहून ठरावीक रस्त्यावर मोटारींना मनाई किंवा मर्यादा घालण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. मनाई एका महिन्याच्या आतली असेल तर राजपत्रातल्या अधिसूचनेचीही गरज नाही, स्थानिक पातळीवर जाहीर करणं पुरतं. शिवाय या भागाला आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. निर्णय तिथून यावा. मुंबईतल्या सायकल क्लबने निवेदन दिलं, जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला आणि साम्रदच्या माणसाला तो फाटकावर कळला, असं झालं तर ही योजना पहिल्याच महिन्यात मोडेल, आणि तशी मोडलेली बरी.

महिनाभराची ती तरतूद प्रयोगासाठी अगदी सोयीची आहे. पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चार शनिवार-रविवार वळसा मोटारींविना ठेवून पाहावा. सोनकी तेव्हा फुललेली असते, आवणी उरकलेली असते, भातकापणी अजून लांब असते, त्यामुळे गावालाही थोडी उसंत असते. २०२६ हे धरणाचं शंभरावं वर्ष. भिंतीवर रोषणाई करण्यापेक्षा त्या वर्षी हा प्रयोग व्हावा असं मला वाटतं. या चार आठवड्यांत कुठल्या घरी किती जेवणं गेली, किती सायकली भाड्याने गेल्या, जीपवाल्यांना किती फेऱ्या मिळाल्या, तंबूंचं किती नुकसान झालं, रुग्णवाहिका शेंडीपर्यंत किती वेळात पोचली, हे आठही गावांनी स्वतः लिहून ठेवावं. मग गावोगाव ग्रामसभा बसवून ते आकडे मोठ्याने वाचावेत. फायदा दिसला तर वर्षभराचा ठराव करावा. नाही दिसला तर फाटक काढून टाकावं, आणि शहरातल्या आम्ही सायकलवाल्यांनी तो निर्णय मान्य करावा.